हिमॅटॉलॉजी की मेडिकल ऑन्कॉलॉजी? मराठवाड्यातच बसायचं असेल तर

तेरणाकाठ
नमस्कार मंडळी. एम.डी. मेडिसिनचं शेवटचं वर्ष चालू आहे, पुढे नीट-एसएस, सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा. रक्तविकार (हिमॅटॉलॉजी) आणि कॅन्सर (ऑन्कॉलॉजी) दोन्हींत रस आहे, पण डी.एम. या सुपरस्पेशालिटी पदवीची दारं वेगवेगळी. मुंबई-पुण्यात राहायचं नाही. लातूर, नांदेड, परभणी, कुठं तरी इकडंच बसायचंय.
'स्कोप कशाला जास्त' हे विचारत नाही. तीन वर्षांत हाताला नेमकं काय शिकवतात, आणि त्यातलं जिल्ह्याच्या गावी काय वापरता येतं, ते जाणकारांनी सांगावं. कॉलेज निवडताना काय बघावं हेही.

शंभरची_लेन्स
आधी परीक्षेचा गुंता सोडवू. मेडिसिनवाल्यांना नीट-एसएसला हिमॅटचा वेगळा आणि ऑन्कोचा वेगळा पेपर नसतो. मेडिसिन गटाचा एकच पेपर: १५० प्रश्न, अडीच तास, ६०० गुण, बरोबरला ४, चुकलं की १ वजा. शाखा ठरते ती काउन्सेलिंगला, रँकवर. त्यामुळे निर्णय आज नको, पर्यायांचा क्रम लावताना घ्या. एम्स, पीजीआय चंडीगड, जिपमर यांची आयएनआय-एसएस मात्र निराळी. तिथं शाखा अर्जातच सांगावी लागते.

अमेरिकेत मेडिसिनच्या तीन वर्षांनंतर हिमॅटॉलॉजी-ऑन्कॉलॉजी अशी एकत्र तीन वर्षांची फेलोशिप असते. आपल्याकडे दोन्ही डी.एम. स्वतंत्र, तीन-तीन वर्षांच्या, डीआरएनबी या समकक्ष पदवीचंही तसंच. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताच्या कॅन्सरचं मधलं रान दोघंही नांगरतात. खरा फरक कडेला आहे. ऑन्कोवाल्याकडे स्तन, फुप्फुस, आतडी, अंडाशय. हिमॅटवाल्याकडे थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, आयटीपी (प्लेटलेट कमी होण्याचा आजार), अप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो रक्त बनवेनासा होणं), गुठळ्यांचे आजार, आणि प्रयोगशाळा.

प्रयोगशाळेला मी मुद्दाम शेवटी ठेवलं. डी.एम. क्लिनिकल हिमॅटॉलॉजीला मेडिसिन, बालरोग आणि पॅथॉलॉजी अशा तिन्ही बाजूंनी येता येतं. मेडिकल ऑन्कोला मेडिसिन, बालरोग आणि रेडिओथेरपीकडून. विलायतेत हिमॅटॉलॉजिस्टला एफआरसीपॅथ ही पॅथॉलॉजीची परीक्षा द्यावीच लागते, म्हणजे रुग्णही तोच तपासतो आणि स्लाइडही तोच वाचतो. आपल्याकडे हे कॉलेजागणिक बदलतं. काही ठिकाणी रेसिडेंट तीन वर्षं नुसता वॉर्ड ओढतो आणि मॅरोचा (अस्थिमज्जेचा) रिपोर्ट खालच्या मजल्यावरच्या लॅबमधून कागदावर येतो. असं शिकून परभणीत बसलात तर तो खालचा मजला कुठून आणणार?

गोदामाय
लेन्ससाहेबांचं सगळं मान्य, पण ओपीडीत कोण येतं तेही बघा. आपल्याकडं तंबाखू-गुटख्यामुळं तोंडाचा, बायकांत स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत भूम-परंड्याची गावं १९८७ पासून आहेत, तिथंही गर्भाशयमुखाचं ओझं दिसत आलंय. हे काम ऑन्कॉलॉजिस्टचं आहे, हिमॅटवाल्याचं नाही. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय सोडलं तर बाकी जिल्ह्यांत मेडिकल ऑन्कोची माणसं मोजकीच.

आता प्रामाणिक दुसरी बाजू. तोंडाच्या कॅन्सरचा खरा मालक सर्जन आणि रेडिओथेरपीवाला. मेडिकल ऑन्कोच्या वाट्याला येतं रेडिएशनसोबतचं सिस्प्लॅटिन, दर तीन आठवड्यांनी १०० मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटर किंवा दर आठवड्याला ४०. त्यातही कौशल्य आहे. आधी क्रिएटिनिन आणि ऐकू येण्याची तपासणी, मग सलाइन, त्यात पोटॅशियम-मॅग्नेशियम, आणि घरी गेल्यावर पाणी. एप्रिल-मेमध्ये आपल्या उन्हात ओकाऱ्या झालेला माणूस दोन दिवस पाणी न पिता पडून राहिला तर तिसऱ्या दिवशी किडनी बसते. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर 'भरपूर पाणी' नका लिहू, 'दिवसाला तीन तांबे' असं लिहा.

माझं मत सरळ: काम उद्यापासून हवं असेल तर मेडिकल ऑन्को.

उगंच
तीन तांबे कोणत्या मापाचे, हे पण लिहा. आमच्याकडच्या लग्नातला तांब्या म्हणजे बादलीचा भाऊ.

गोदामाय
साधारण लिटरचा धरा हो. आणि हृदय-किडनीचा आजार असेल तर हे माप लागू नाही, तेही वर लिहायला पाहिजे होतं.

लालपेशी
गोदामायशी असहमत. कॅन्सर दिसतो म्हणून मोजला जातो. रक्तविकार दिसत नाहीत म्हणून 'अशक्तपणा' या नावाखाली गावोगावी सलाइन खातात.

एकच उदाहरण घ्या. चाळिशीचा शाकाहारी माणूस, हिमोग्लोबिन ४, पांढऱ्या पेशी २,०००, प्लेटलेट ३५ हजार. तालुक्याच्या चिठ्ठीवर 'ब्लड कॅन्सर?' लिहून येतो आणि घरचे जमीन विकायच्या गोष्टी करायला लागतात. स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघितला तर मोठ्या अंडाकृती लाल पेशी, न्यूट्रोफिलला सहा-सहा पाळ्या, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) हजारांत, रेटिक्युलोसाइट (नव्या लाल पेशी) कमी. हा बी-१२चा अभाव. इथं क्रम चुकला की घोटाळा होतो:

बी-१२ आणि फोलेटचं रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी काढायचं. बाहेर कुणीतरी 'ताकदीचं' इंजेक्शन आधीच ठोकलेलं असतं, मग पातळी नॉर्मल येते आणि निदान हुकतं. नुसतं फोलिक ॲसिड देऊ नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जारज्जूची इजा वाढत राहते. बी-१२ १,००० मायक्रोग्रॅम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात पोटॅशियम घसरू शकतं, ते मोजायचं. रेटिक पाचव्या ते आठव्या दिवशी उसळी मारतो. नाही मारला तर निदान चुकलंय किंवा सोबत लोहाची कमतरता आहे. आणि हिमोग्लोबिन ४ दिसलं म्हणून धडाधड तीन पिशव्या चढवायच्या नाहीत. हे रक्त महिनोन् महिने उतरलेलं असतं, शरीराने जुळवून घेतलेलं असतं. हृदयावर भार येऊन फुप्फुसात पाणी होतं. लागलीच तर एक पिशवी, सावकाश, सोबत लघवीचं औषध.

हे ऑन्कोच्या तीन वर्षांत शिकवलं जात नाही, कारण असा रुग्ण त्यांच्या वॉर्डात थांबतच नाही.

उगंच
म्हणजे शंभराच्या आतल्या इंजेक्शनात ब्लड कॅन्सर बरा! पुढाऱ्याच्या हातात ही आयडिया पडली तर चौकात बॅनर लागंल.

शंभरची_लेन्स
लालपेशी, एक पुरवणी. या रुग्णांचा मॅरो करू नये असं नाही, पण करायचाच असेल तर इंजेक्शनच्या आधी किंवा त्याच दिवशी. बी-१२ गेल्यावर एक-दोन दिवसांत मेगॅलोब्लास्ट (मॅरोतल्या मोठ्या, कच्च्या लाल पेशी) बदलायला लागतात. उलट बाजूचा धोकाही आहे: मेगॅलोब्लास्टिक मॅरोत अपरिपक्व पेशी इतक्या असतात की नवखा बघणारा त्यांना ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी) समजतो. एएमएल या तीव्र ल्युकेमियासाठी सहसा २० टक्के ब्लास्ट लागतात आणि ती मोजणी ५०० पेशींवर करायची असते. पन्नास पेशी बघून टक्केवारी लिहिणारे रिपोर्ट सर्रास दिसतात.

पैनगंगा
किनवट-माहूरकडून लिहितो. इकडं गोंड, कोलाम, आंध वस्त्यांत सिकलसेल आहे, पण मराठवाड्याचं नाव काढलं की कुणाला आठवत नाही. सगळे विदर्भ म्हणतात. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासणी वाढली. अडतंय ते पुढं.

सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच असं नाही, वाहकही असू शकतो. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांशिवाय ते कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि फार कमी हिमोग्लोबिन असलेल्यात ही टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. एचपीएलसीचं रक्त चढवलेल्या पिशवीनंतर तीन महिन्यांच्या आत काढलं तर रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जातं. आणि हायड्रॉक्सियुरिया १५ मि.ग्रॅ. प्रति किलोने सुरू करून सीबीसी बघत वाढवायला कुणी धजत नाही. 'कॅन्सरची गोळी' म्हणून पेशंटही घाबरतो, देणाराही. सोपं काम आहे, पण तालुक्यातल्या डॉक्टरला पाठीशी कुणी तरी लागतं. नांदेडला एक क्लिनिकल हिमॅटॉलॉजिस्ट फोनवर जरी असला तरी इकडच्या पेशंटच्या कितीतरी खेपा वाचतील.

बालवॉर्ड
हिमोफिलियाचं पण तेच. इमर्जन्सीत फॅक्टरचं (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं) गणित येत नाही म्हणून पोरगं रेफर होतं आणि वाटेत सांधा रक्तानं भरतो. फॅक्टर ८: वजन गुणिले हवी ती टक्केवारी गुणिले अर्धा. २० किलोचं लेकरू, गुडघ्यात रक्तस्राव, ५० टक्के हवंय: २० × ५० × ०.५ म्हणजे ५०० युनिट. डोक्याला मार असेल तर १०० टक्के धरून १,००० युनिट, आणि ते सीटी स्कॅनच्या आधी, नंतर नाही. व्हायल उघडली की पूर्ण द्यायची, उरलेली ठेवून चालत नाही. फॅक्टर ९ला अर्ध्याने गुणायचं नसतं, एका युनिटला एकच टक्का वाढतो. स्नायूत इंजेक्शन कुठलंही नाही, तापाचंसुद्धा.

तेरणाकाठ
मॅरोबद्दल कुणी नीट सांगाल का? एम.डी.त बघून बघून केले आहेत, पण डी.एम.ला त्याहून वेगळं काय अपेक्षित असतं?

शंभरची_लेन्स
या प्रश्नाची वाट बघत होतो.

जागा मागची, पोस्टीरिअर सुपीरिअर इलियाक स्पाइन, म्हणजे कमरेच्या हाडाचं मागचं टोक. छातीच्या हाडातून ट्रेफाइन (हाडाचा तुकडा काढणं) कधीच नाही. २ टक्के लिग्नोकेन आठ-दहा मिली, आणि त्यातलं निम्मं हाडाच्या आवरणावर, नाण्याएवढ्या भागात पसरून. बहुतेक जण कातडीत भरपूर घालतात, आवरणाला स्पर्श करून सुई काढतात आणि मग पेशंट ओरडला की 'थोडं दुखणारच' म्हणतात. भूल दिल्यावर घड्याळात बघून तीन ते पाच मिनिटं थांबायचं.

ॲस्पिरेशनची (सिरिंजनं मॅरो ओढण्याची) पहिली ओढ ०.३ ते ०.५ मिलीच, फार नाही. पहिल्याच ओढीत पाच मिली काढले की मॅरोऐवजी रक्त येतं आणि ब्लास्टची टक्केवारी खोटी कमी होते. त्या पहिल्या थेंबाच्या स्लाइडा लगेच, पलंगाशेजारी. स्लाइडवर साखरेच्या कणासारखे पार्टिकल दिसले पाहिजेत. मग सुई किंचित फिरवून दुसरी ओढ: ईडीटीएच्या नळीत फ्लो सायटोमेट्रीला (पेशींचा प्रकार ओळखायला) आणि पीसीआरला, सोडियम हेपरिनमध्ये सायटोजेनेटिक्सला (गुणसूत्रं तपासायला). ईडीटीएची नळी सायटोजेनेटिक्सला पाठवली की पेशी वाढत नाहीत, रिपोर्ट येतो 'कल्चर फेल'. पैसे गेले, आठवडा गेला, आणि तोवर केमो सुरू झालेली असते म्हणून परत काढून उपयोग नाही.

ट्रेफाइनला ११ नंबरची जामशिदी सुई, पण ॲस्पिरेशनच्याच भोकातून नाही, सेंटिमीटरभर बाजूला, नवीन दिशेनं. तुकडा निदान दीड-दोन सेंटिमीटर हवा. कमी आला तर पुन्हा, संकोच करू नये. लिम्फोमा तुकड्यातुकड्यांनी बसतो, छोट्या नमुन्यात सापडत नाही.

काहीच ओढलं जात नसेल, म्हणजे ड्राय टॅप, तर चार शक्यता डोक्यात हव्यात: मायलोफायब्रोसिस (मॅरो तंतूंनी भरणं), हेअरी सेल ल्युकेमिया, पेशींनी ठासून भरलेला ल्युकेमिया, किंवा तुमची सुई भलतीकडे. अशा वेळी ट्रेफाइनचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी स्लाइडवर हलकेच टेकवून ठसे घ्यायचे. त्या ठशांवरच त्या दिवशीचं निदान होतं, तुकड्याचा रिपोर्ट डीकॅल्सिफिकेशन वगैरे होऊन चार-पाच दिवसांनी येतो.

आणि फॉर्मॅलिनची बाटली आणि ॲस्पिरेटच्या स्लाइडा एकाच पिशवीत ठेवू नका. वाफेने स्लाइडा निळसर होतात आणि रंग चढत नाही. हे पुस्तकात एका ओळीत असतं, प्रत्यक्षात दर महिन्याला घडतं.

रक्तपेढीवाला
वा. यात आपल्याकडचा उन्हाळा जोडा. नांदेड-लातूरहून नमुना मुंबई-पुण्याला जातो. फ्लो सायटोमेट्रीला २४ तास, फार तर ४८. आरएनए पीसीआरला, म्हणजे सीएमएल या ल्युकेमियाच्या बीसीआर-एबीएल तपासणीला, तेवढंच. थर्माकोलचा डबा, त्यात जेलपॅक, पण नळी आणि जेलपॅक यांच्यामध्ये कागदाची जाड घडी. नळी थेट बर्फाला टेकली की पेशी फुटतात; बाहेर ४२ अंशांत एसटीच्या डिकीत ठेवली तरी मरतात. शुक्रवारी संध्याकाळी नमुना काढू नये, रविवारी प्रयोगशाळेत तो उघडणारं कुणी नसतं. सोमवार ते बुधवार हे मॅरोचे दिवस.

प्लेटलेटचं याच्या उलट. नातेवाईक संभाजीनगरहून बीडला पिशव्या नेताना प्रेमानं बर्फात घालून नेतात. प्लेटलेट २० ते २४ अंशांत, हलवत ठेवायच्या असतात. बर्फात गेलेल्या प्लेटलेट शरीरात टिकत नाहीत. मग 'चार पिशव्या दिल्या तरी काउंट वाढला नाही' म्हणून रुग्णावर वेगळीच शंका घेतली जाते.

उगंच
आणि पपईच्या पानाचा रस? गावाकडं तर प्लेटलेट म्हटलं की पपई, किवी आणि ड्रॅगन फ्रूट. फळवाल्यांचा सीझन डेंग्यूवर चालायलाय.

लालपेशी
डेंग्यूत काउंट स्वतःहूनच चढतो, श्रेय पपई घेऊन जाते. आयटीपी, ल्युकेमिया, अप्लास्टिकमध्ये रसाने काही होत नाही. केमोवरच्या रुग्णाला तर कच्च्या पानांचा न उकळलेला रस देऊच नका, पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातले जंतूच महागात पडतात. रक्तस्राव नसेल तर केमोच्या रुग्णाला साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर प्लेटलेट देतात. २५ हजार आकडा बघून धावपळ करायची नसते. अपवाद एपीएल, रक्तस्राव करणारा ल्युकेमियाचा प्रकार. तिथं ३० ते ५० हजारांच्या वर ठेवायच्या आणि फायब्रिनोजेन १५० च्या वर.

एपीएलचं निघालंच आहे तर तेरणाकाठ, हे लक्षात ठेवा. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, स्मिअरमध्ये दाणेदार पेशी आणि काड्यांचे जुडगे दिसले की पीएमएल-रारा या निदान पक्कं करणाऱ्या जनुकीय रिपोर्टची वाट न बघता एटीआरए हे औषध सुरू करायचं. ४५ मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटर, दोन भागांत. १.६ चौरस मीटरच्या माणसाला ७२, म्हणजे १० मि.ग्रॅ.च्या सात कॅप्सूल. रुग्ण पहिल्या काही दिवसांत मेंदूतल्या रक्तस्रावाने जातो. तो टळला तर हा ल्युकेमियातला सगळ्यात बरा होणारा प्रकार. म्हणून जिल्ह्याच्या गावी बसणाऱ्याने एका रुग्णाच्या पहिल्या आठवड्याचा एटीआरएचा साठा कपाटात ठेवलेला असावा, त्यावरची तारीख बघत. आणि ही स्लाइड रात्री दोनला तुम्हालाच बघावी लागेल. म्हणून लेन्ससाहेब त्या खालच्या मजल्यावर एवढे अडून बसलेत.

गोदामाय
बरं, हा मुद्दा मी सोडते. एपीएल रात्री दोनला मेडिकल ऑन्कोवाल्यालाही बघावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याला तो शिकवलेला नसतो. पण केमो सुरक्षित देणं हे जिल्ह्यात सगळ्यात कच्चं आहे आणि ते ऑन्कोत जास्त घोटवलं जातं, हे तुम्हीही मान्य करा.

डेकेअर_सिस्टर
गोदामाय मॅडम बरोबर बोलल्या. नवीन डॉक्टर डोस काढतात, औषध कसं भरतात ते बघत नाहीत. म्हणून आमच्या बाजूचं सांगते.

केमो मिसळायला बायोसेफ्टी कॅबिनेट लागते. बऱ्याच ठिकाणी सलाइन मिसळायचा आडवा लॅमिनार फ्लो घेऊन ठेवतात. त्यातली हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते, म्हणजे औषध सुरक्षित आणि सिस्टर विषारी वाफेत. खरेदीच्या कागदावर डॉक्टरांनी लक्ष दिलं तर हे टळतं.

व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरायचंच नाही. ५० मिलीच्या छोट्या सलाइन पिशवीत घालायचं. कारण ज्या पोराला त्याच आठवड्यात पाठीच्या कण्यात मेथोट्रेक्सेट द्यायचं असतं, तिथं चुकून व्हिन्क्रिस्टीनची सिरिंज गेली तर पेशंट वाचत नाही. पिशवी कुणी कण्यात टोचणार नाही. कण्यातलं औषध वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत, आणि दोघांनी मोठ्यानं वाचून. डोस १.४ मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटर, पण कितीही मोठा माणूस असला तरी २ च्या वर साधारण जात नाहीत.

डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेलं तर सुई उपटायची नाही. थांबवायचं, त्याच सुईतून जेवढं निघेल तेवढं ओढून घ्यायचं, मग सुई काढायची. थंड शेक, दाबायचं नाही, चोळायचं नाही. व्हिन्क्रिस्टीन बाहेर गेलं तर मात्र गरम शेक. ही गल्लत खूप होते. आणि मनगटाच्या, कोपराच्या सांध्यावर शीर घेऊ नका, तिथं जखम झाली तर हात वाकडा होतो. रिपोर्टवर डॉक्सोची आजवरची बेरीज लिहिलेली असावी. ४५० ते ५५० मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटरच्या पुढे हृदय धोक्यात येतं, आणि पेशंट एका शहरातून दुसऱ्या शहरात गेला की ती बेरीज हरवते.

तेरणाकाठ
सिस्टर, हे कुठल्याही लेक्चरमध्ये ऐकलेलं नाही. मनापासून आभार.

पैनगंगा
केमोनंतरच्या तापाचं पण सांगा कुणी. गावात ताप आला की पहिल्यांदा आमच्याकडंच येतात.

लालपेशी
पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचा टक्का भागिले शंभर. १,२०० पेशी, न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे ३६०. पाचशेच्या खाली आणि ताप एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८ च्या वर, की तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा सेफेपाइम २ ग्रॅम. ब्लड कल्चर आधी घ्यायचं, पण बाटली नाही म्हणून डोस अडवायचा नाही.

अडचण अंतराची आहे. किनवटहून नांदेड गाठेपर्यंत तो तास केव्हाच संपतो. म्हणून केमो देणाऱ्याने डिस्चार्जच्या वेळी एक थर्मामीटर आणि स्थानिक डॉक्टरसाठी मराठीत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यायची: 'यांची केमो अमुक तारखेला झाली आहे. सातव्या ते चौदाव्या दिवसात ताप आल्यास पॅरासिटॉमॉल देऊन घरी पाठवू नये, स्नायूत इंजेक्शन देऊ नये, गुदद्वारातून तापमान घेऊ नये, अमुक अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन लगेच पाठवावे.' खाली फोन नंबर. उचलला जाणारा.

उगंच
सगळ्यात अवघड तेच शेवटचं.

रक्तपेढीवाला
ट्रान्सप्लांटचं कुणी बोललं नाही. बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) युनिट नसलेल्या ठिकाणी डी.एम. करावी का?

शंभरची_लेन्स
माझ्या मते नाही, पण कारण वेगळं. भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट टाटामध्ये १९८३ साली झाला; आता ते कौशल्य बरंच पसरलंय. लातूरला बसून तुम्ही ॲलोजेनिक (दुसऱ्या दात्याच्या पेशींचा) करणार नाही. पण मायलोमाचा ऑटोलॉगस (रुग्णाच्याच पेशींचा) पुढेमागे शक्य आहे. पेशी रक्तात आणणारं जीसीएसएफ १० मायक्रोग्रॅम प्रति किलो चार-पाच दिवस, मग अफेरेसिस (यंत्रानं पेशी गोळा करणं), किलोमागे निदान २० लाख सीडी-३४ (मूळ) पेशी, मेलफॅलन ही केमो २०० मि.ग्रॅ. प्रति चौरस मीटर, आणि पेशी गोठवायची सोय नसेल तरी दोन-तीन दिवस ४ अंशांत ठेवून देता येतात. मेलफॅलननंतर २४ तासांनी परत चढवायच्या, दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास न्यूट्रोफिल पाचशे ओलांडतात. तोवरची नर्सिंग हाच खरा ट्रान्सप्लांट.

यातली जिल्ह्याला लगेच उपयोगी गोष्ट म्हणजे विकिरित (किरणांखाली ठेवलेलं) रक्त. मोठ्या शहरातून ट्रान्सप्लांट करून आलेला रुग्ण इकडे कुठल्या तरी दवाखान्यात साधी पिशवी घेतो आणि दात्याच्या लिम्फोसाइटमुळे जीवघेणा जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या शरीरावर हल्ला) होऊ शकतो. २५ ग्रे लागतात. रक्तपेढीत इरॅडिएटर नसेल तर रेडिओथेरपीच्या लिनॅक यंत्रावर करता येतं. भौतिकतज्ज्ञाशी आधी बोलून ठेवायचं.

सीएआर-टीचं (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत देण्याच्या उपचाराचं) विचाराल तर आयआयटी मुंबई आणि टाटाची नेक्सकार-१९ ला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ऐकायला भारी आहे. तुमच्या कामात ती रेफर करायच्या चिठ्ठीपुरती. कुणाला आणि किती लवकर पाठवायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

गोदामाय
आणि बाँड. महाराष्ट्रात सुपरस्पेशालिटीनंतर वर्षभराची सेवा, नाही तर २ कोटी. इतर राज्यांत वर्षं आणि आकडे वेगळे, प्रवेशाच्या माहितीपत्रकात बघूनच पर्याय लॉक करा. इकडंच यायचं असेल तर महाराष्ट्रातला बाँड ओझं नाही. मागणी करून संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईचं पोस्टिंग घ्यायचं. महात्मा फुले योजनेचं प्री-ऑथ (उपचाराची आगाऊ मंजुरी) तिथंच शिकायला मिळतं. बायोप्सीचा रिपोर्ट, स्टेजिंगचा स्कॅन आणि केमोचा आराखडा एकमेकांशी जुळला नाही की फाइल परत येते. स्टेज तीन लिहून चारचा आराखडा जोडलेल्या फाइली ढिगाने अडकतात.

तेरणाकाठ
चित्र बरंच स्पष्ट झालं. समजा हिमॅटला प्राधान्य दिलं, तर कॉलेजच्या रेसिडेंटला फोन करून नेमकं काय विचारू?

शंभरची_लेन्स
मॅरोचा रिपोर्ट कोण लिहितं, आणि रेसिडेंटचा प्राथमिक रिपोर्ट कन्सल्टंटच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघतात का. एचपीएलसी, कोॲग्युलेशन आणि फ्लो सायटोमेट्रीत किती महिन्यांची पोस्टिंग आहे. 'आहे' एवढ्यावर थांबू नका, महिने विचारा. मिक्सिंग स्टडी (रक्त न गोठण्याचं कारण शोधायची तपासणी) स्वतः हातानं केलाय का. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट दुपारी कुठं असतो, वॉर्डात बाटल्या शोधत की मायक्रोस्कोपवर. थिअरीचे चार पेपर शंभर-शंभरचे सगळीकडे सारखेच, त्याची काळजी नको. प्रॅक्टिकलला अनोळखी स्लाइडा लावतात का ते विचारा.

लालपेशी
माझी भर: कॅन्सर नसलेल्या रक्तविकारांची वेगळी ओपीडी आहे का. काही मोठ्या ठिकाणी वॉर्ड ल्युकेमिया आणि ट्रान्सप्लांटनं इतका भरलेला असतो की तीन वर्षांत हिमोफिलियाचे रुग्ण हाताच्या बोटावर. तुम्हाला नेमकं तेच लागणार आहे. आणि गोदामायच्या मुद्द्यासाठी: मेडिकल ऑन्को विभागात निदान दोन महिन्यांचं रोटेशन मिळतं का. मिळत असेल तर सिस्प्लॅटिन आणि स्तनाच्या कॅन्सरची नेहमीची केमो तिथं शिकून घ्या, जिल्ह्यात ती तुमच्याच दारात येणार.

गोदामाय
उलटही लिहा. ऑन्को मिळाली तर हिमॅटमध्ये दोन महिने मागून घ्या, आणि संध्याकाळी लेन्ससाहेबांसारख्या कुणाच्या तरी शेजारी बसा.

उगंच
दोन्ही पार्ट्यांचं एकमत? धागा बंद करा, इतिहास घडला.

तेरणाकाठ
हिमॅट वर, ऑन्को खाली, असा क्रम लावतो. मल्टिहेड मायक्रोस्कोपला किती डोकी आहेत तेही विचारतो.

शंभरची_लेन्स
विचारा. प्रत्यक्ष गेलात तर ४० ची लेन्स बघा. तिच्यावर तेल वाळलेलं असेल तर तिथं स्लाइडा बघायला शिकवत नाहीत, नुसत्या दाखवतात.